दहा सेंटीमीटरचा चौकोन: एका प्रिंटरच्या सेटिंगचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिवणकाम शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेतील हे प्रकरण आहे. संस्थेचे संगणक आणि प्रिंटर यांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे त्यातील बहुतेक निर्णयांमध्ये माझा सहभाग होता. व्यक्तींची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. छपाईची मापे आणि घटनांचा क्रम मात्र त्या वेळच्या नोंदींप्रमाणेच ठेवला आहे.

संस्थेत विंडोजवर चालणारे तीन डेस्कटॉप संगणक आहेत. एक कार्यालयात आहे आणि दोन वर्गात आहेत. वर्गातील एक संगणक जुना, तर दुसरा या प्रकरणाच्या थोडेच आधी घेतलेला. तिन्ही संगणक नेटवर्कवरून एकाच कृष्णधवल लेसर प्रिंटरला जोडलेले आहेत. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छपाई करण्याची सोय या प्रिंटरमध्ये आहे आणि त्याच्या मुख्य ट्रेमध्ये कायम ए-४ कागद असतो.

या प्रिंटरवर दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामे होतात. पहिले काम म्हणजे वर्गाच्या टिपणांची छपाई. अक्षर थोडे लहानमोठे झाले तरी तिथे काही बिघडत नाही आणि दोन्ही बाजूंना छापले तर कागद वाचतो. दुसरे काम म्हणजे कापड बेतण्यासाठी लागणारे कागदी नमुने. एका शर्टाचा नमुना चोवीस पानांच्या पीडीएफ फाइलमध्ये विभागलेला असतो. ती पाने छापायची, कडा जुळवून एकमेकांना चिकटवायची आणि त्यातून पुढचा भाग, मागचा भाग, बाही, गळपट्टी असे तुकडे कापायचे, अशी पद्धत आहे. इथे छपाई एकाच बाजूला आणि मूळ मापाबरहुकूम व्हावी लागते. छपाई चार टक्के लहान झाली की कपडाही चार टक्के लहान होतो. या दोन कामांच्या गरजा परस्परविरोधी आहेत ही गोष्ट आमच्यापैकी कोणीही आधी स्पष्ट शब्दांत मांडली नव्हती, आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यातूनच झाला.

पूर्वी सर्व नमुने कार्यालयातील संगणकावरून एकच कर्मचारी छापत असत. काय निवडायचे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते, पण ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते. नवा संगणक आल्यावर विद्यार्थी वर्गातूनच आपापले नमुने छापू लागले.

अडचण कशी समोर आली

सुरुवातीला तक्रार प्रिंटरची नव्हतीच. काही विद्यार्थ्यांचे शर्ट अंगाला घट्ट होत होते, आणि शिक्षिकांना वाटत होते की कापताना माया, म्हणजे शिवणीसाठी कडेने सोडायचे जास्तीचे कापड, कमी सोडली जाते आहे. मायेची रेषा नमुन्यावरच छापलेली असल्यामुळे नमुना लहान झाला की मायाही त्याच प्रमाणात लहान होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. संपूर्ण नमुना एकाच संगणकावरून छापलेला असेल, तर सगळे तुकडे सारख्याच प्रमाणात लहान होतात आणि एकमेकांना नीट जुळतात. त्यामुळे शिवताना काहीही चुकल्यासारखे वाटत नाही, आणि चूक कळते ती कपडा अंगात घातल्यावर. जवळजवळ दोन आठवडे विद्यार्थ्यांना त्यांच्या हातून न झालेल्या चुकीबद्दल ऐकून घ्यावे लागले. या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान मी यालाच मानतो. वाया गेलेला कागद आणि कापड त्यानंतर येतात.

खरा धागा हाती लागला तो एका विद्यार्थिनीमुळे. तिने शर्टाचे पुढचे आणि मागचे भाग नव्या संगणकावरून छापले, आणि त्या दिवशी तो संगणक मोकळा नसल्यामुळे बाहीची पाने जुन्या संगणकावरून छापली. बाही मुंढ्यात, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याजवळच्या गोलाईत, बसेना. फाइलप्रमाणे मुंढ्याचा घेर ४८ सेंटीमीटर आणि बाहीचा त्याच जागचा घेर ५० सेंटीमीटर होता, म्हणजे दोन सेंटीमीटरचा फरक चुणीत जिरवायचा होता. तिच्या कागदावर मात्र हा फरक सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास भरत होता. तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून टेपने मोजले आणि दोन्ही कागद चुकले आहेत, पण वेगवेगळ्या प्रमाणात चुकले आहेत, असे शिक्षिकांना दाखवले.

त्याच आठवड्यात नव्या संगणकावरून छापलेला एक संपूर्ण नमुना दोन्ही बाजूंना छापून आला. पहिल्या पानाच्या पाठीमागे दुसरे पान, तिसऱ्याच्या पाठीमागे चौथे, अशी बारा कागदांवर चोवीस पाने आली आणि ती एकमेकांना चिकटवणे अशक्य होते. या दुसऱ्या चुकीचे मूळ माझ्याच एका बदलात होते, त्याविषयी पुढे लिहिले आहे. या टप्प्यावर मला बोलावण्यात आले.

पहिला उपाय आणि तो का फसला

मी पोहोचण्यापूर्वी शिक्षिकांनी स्वतः एक उपाय करून पाहिला होता. तो वरवर इतका तर्कशुद्ध दिसतो की तो नोंदवणे आवश्यक वाटते. नमुन्याच्या पहिल्या पानावर पडताळणीसाठी एक चौकोन असतो. नव्या संगणकावरील छपाईत त्याची बाजू दहाऐवजी ९.१ सेंटीमीटर भरली. १०० भागिले ९१ म्हणजे सुमारे १.१, म्हणून त्यांनी पीडीएफ वाचण्याच्या सॉफ्टवेअरमधील प्रिंटच्या खिडकीत 'कस्टम स्केल' निवडून ११० टक्के हा आकडा भरला. चौकोन दहा सेंटीमीटरचा होण्याऐवजी अकरा सेंटीमीटरचा झाला आणि पानांच्या कडाही कापल्या गेल्या.

असे होण्याचे कारण साधे आहे. 'फिट', म्हणजे पान कागदात बसवण्याच्या, पर्यायात सॉफ्टवेअर पान किती लहान करायचे ते स्वतः ठरवते. 'कस्टम स्केल' निवडताच 'फिट' बाजूला पडते आणि भरलेला आकडा फाइलमधील मूळ मापाला लागू होतो. म्हणजे आधीच्या चुकीवर दुरुस्ती होत नाही, तर नवे गणित पहिल्यापासून सुरू होते. त्यांनी ११० ऐवजी १०० हा आकडा भरला असता, तर चौकोन बरोबर आला असता. चुकीचे माप पाहून त्याची भरपाई करण्यापेक्षा ते माप कोठून आले हे शोधायला हवे, असे आम्ही या क्षणी ठरवले. नंतरचे सर्व काम त्यामुळेच सुरळीत झाले.

मोजमापाने काय सांगितले

मी प्रथम कोणत्याही सेटिंगला हात न लावता तिन्ही संगणकांवरून नमुन्याचे पहिले पान छापले, प्रत्येक कागदावर संगणकाचे नाव लिहिले आणि चौकोनाच्या दोन्ही बाजू मोजल्या. कार्यालयातील संगणकावरून आलेला चौकोन १०० मिलिमीटर भरला. जुन्या संगणकावरून ९६ आणि नव्यावरून ९१ मिलिमीटर असे माप आले. तिन्ही कागदांवर आडवी आणि उभी बाजू सारखीच होती. हे महत्त्वाचे होते. दोष कागद ओढणाऱ्या रोलरमध्ये असता, तर कागद सरकण्याच्या दिशेतील माप बिघडले असते आणि दुसरे ठीक राहिले असते. दोन्ही बाजू एकाच प्रमाणात लहान होणे म्हणजे छपाईचे पान संगणकावरच लहान केले जात आहे, हे जवळजवळ निश्चित.

आकड्यांनी त्याहून अधिक सांगितले. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. लेसर प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाही. या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांना जोडणारे सॉफ्टवेअर, चारही बाजूंना सुमारे ४.२ मिलिमीटर जागा कोरी ठेवतो. 'फिट' निवडले की सॉफ्टवेअर संपूर्ण पान उरलेल्या छापण्याजोग्या जागेत बसवते. रुंदीच्या दिशेने ही जागा २०१.६ मिलिमीटर आहे आणि तिला २१० ने भागले की ०.९६ येते. जुन्या संगणकाचे ९६ मिलिमीटर असे उलगडले. तिथे कागदाचा आकार बरोबर होता आणि केवळ 'फिट' चालू होते.

नव्या संगणकाचे ९१ मात्र ए-४ च्या हिशेबात बसत नव्हते. म्हणून मी लेटर हा आकार धरून पाहिला. उत्तर अमेरिकेत वापरला जाणारा लेटर कागद २१५.९ × २७९.४ मिलिमीटरचा, म्हणजे ए-४ पेक्षा किंचित रुंद पण बराच आखूड असतो. त्याच्या उंचीतून वरची आणि खालची कोरी जागा वजा केली की २७१ मिलिमीटर उरतात, आणि २७१ भागिले २९७ म्हणजे ०.९१. कागदावरही त्याची खूण होतीच, कारण छापलेल्या पानाच्या खालची कोरी पट्टी वरच्या पट्टीपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर जास्त होती. ए-४ आणि लेटर यांच्या उंचीतील फरक १७.६ मिलिमीटर आहे. अशा रीतीने संगणकाची एकही खिडकी न उघडता, केवळ पट्टीने, दोन्ही संगणकांचे निदान झाले. संगणकावर पाहिल्यावर ते खरे ठरले.

त्यातून पुढचा प्रश्न आला. ट्रेमध्ये ए-४ असताना लेटरचे काम आले, तर प्रिंटरने थांबून लेटर कागद मागायला हवा होता. तो थांबला नाही, कारण प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवर ए-४ आणि लेटर एकमेकांच्या जागी चालवून घेण्याचे एक सेटिंग चालू केलेले होते. चौकशीअंती कळले की नवा संगणक आल्यानंतर पहिल्याच दिवशी प्रिंटर वारंवार थांबून लेटर कागद मागत होता. वर्ग खोळंबू नये म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने ते सेटिंग चालू केले होते. प्रिंटर जी चूक ओरडून सांगत होता तिचा आवाज त्यामुळे बंद झाला, चूक मात्र तशीच राहिली.

सेटिंग किती ठिकाणी राहते

पुढचे पर्याय समजण्यासाठी थोडे तांत्रिक सांगणे आवश्यक आहे. डेस्कटॉप संगणकावरून प्रिंटरचे सेटिंग बदलायचे म्हटले की ते एकाच जागी असेल असे वाटते. प्रत्यक्षात या प्रकरणात ते पाच ठिकाणी होते.

सर्वांत खाली प्रिंटरचे स्वतःचे पॅनेल, जिथे ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे नोंदलेले असते. त्याच्या वर संगणकातील ड्रायव्हरचे मूळ सेटिंग. विंडोजमध्ये 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडून 'अॅडव्हान्स्ड' या भागात गेले की 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' हे बटण दिसते. तिथे केलेला बदल त्या संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठी असतो आणि त्यासाठी प्रिंटर व्यवस्थापनाचा अधिकार लागतो. त्याच्या वर 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस', जे प्रत्येक लॉगिनसाठी वेगळे असतात. एखाद्याने तिथे स्वतःची निवड नोंदवली, तर मूळ सेटिंगपेक्षा ती प्रभावी ठरते, आणि नंतर मूळ सेटिंग बदलले तरी त्या माणसाला तो बदल दिसत नाही. त्याच्याही वर ज्या सॉफ्टवेअरमधून छापायचे त्याची प्रिंटची खिडकी. कागदात पान कसे बसवायचे, म्हणजे 'फिट' की 'अॅक्च्युअल साइझ' (मूळ माप), हे तिथे ठरते. त्या खिडकीतून ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये केलेला बदल सहसा ते सॉफ्टवेअर बंद होईपर्यंतच टिकतो. उलट, बाहेर प्रेफरन्सेस बदलले तरी आधीपासून उघडे असलेले सॉफ्टवेअर बरेचदा जुनेच सेटिंग धरून बसते, म्हणून बदलानंतर ते बंद करून पुन्हा उघडावे लागते. पाचवे ठिकाण म्हणजे खुद्द फाइल, कारण पानाचा आकार तिच्यातच नोंदलेला असतो.

आता माझ्या बदलाविषयी. काही आठवडे आधी कार्यालयातील प्रमुखांनी कागद वाचवण्यासाठी आपल्या लॉगिनमध्ये दोन्ही बाजूंच्या छपाईचे सेटिंग केले होते आणि ते इतरांनाही लागू झाले आहे असा त्यांचा समज होता. तसे होत नाही हे मी त्यांना सांगितले आणि त्यांच्या विनंतीवरून तिन्ही संगणकांच्या प्रिंटिंग डीफॉल्ट्समध्ये दोन्ही बाजूंची छपाई ठेवली. जुन्या संगणकावर सर्व विद्यार्थी एकाच लॉगिनने बसतात आणि तिथे कोणीतरी पूर्वीच एका बाजूची निवड नोंदवून ठेवली होती, म्हणून तिथे माझ्या बदलाचा परिणाम झाला नाही. नव्या संगणकावर कोणीही प्रेफरन्सेसना हात लावलेला नव्हता. तिथे माझा बदल लागू झाला आणि नमुने दोन्ही बाजूंना छापून आले. संस्थेत नमुनेही याच प्रिंटरवर छापले जातात हे मला ठाऊक असूनही मी तो प्रश्न विचारला नाही.

नव्या संगणकावर लेटर कसे आले, याचेही उत्तर मिळाले. संगणक सुरू करताना विंडोजमधील प्रदेशाचे सेटिंग अमेरिका असे राहून गेले होते. त्या प्रदेशाशी लेटर हा कागदाचा आकार जोडलेला असतो आणि ड्रायव्हर बसवताना त्यानेही तोच आकार घेतला. टिपणांच्या छपाईत हा दोष दिसलाच नाही. वर्डमध्ये ए-४ आणि लेटर यांच्यातील फरक परस्पर सांभाळून मजकूर लहानमोठा करण्याचा एक पर्याय मुळातच चालू असतो, आणि टिपणांचे अक्षर थोडे लहान झाले तर ते मोजायला कोणी जात नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता प्रत्येकाने प्रत्येक वेळी प्रिंटच्या खिडकीत तीन गोष्टी तपासण्याचा, म्हणजे कागद ए-४, एक बाजू आणि मूळ माप. खर्च नाही, अधिकार लागत नाहीत. पण नव्या विद्यार्थ्याला चोवीस पानांचा नमुना छापताना तीन वेगवेगळ्या जागी जाऊन तीन गोष्टी आठवाव्या लागणार होत्या. मी या पर्यायाच्या विरोधात होतो.

दुसरा पर्याय म्हणजे नमुने पुन्हा केवळ कार्यालयातूनच छापायचे. माप बिघडण्याची शक्यता यात सर्वांत कमी होती. शिक्षिकांनी मात्र याला ठाम विरोध केला. नमुना स्वतः छापून, मोजून, चिकटवून घेणे हा शिक्षणाचाच भाग आहे आणि एका कर्मचाऱ्याच्या हातावर सगळे अवलंबून राहिल्यामुळेच ही वेळ आली, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटले.

तिसरा पर्याय म्हणजे वर्गातील दोन्ही संगणकांचे मूळ सेटिंग एका बाजूचे करायचे आणि टिपणे छापताना दोन्ही बाजू हाताने निवडायच्या. चुकीची किंमत पाहिली तर हे योग्य होते, कारण टिपण चुकून एका बाजूला छापले गेले तर थोडा कागद जातो, नमुना दोन्ही बाजूंना छापला गेला तर सगळाच जातो. पण टिपणांची पाने नमुन्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि कार्यालयाची कागद वाचवण्याची इच्छाही रास्त होती.

चौथा पर्याय, जो आम्ही शेवटी निवडला, तो म्हणजे संगणकावर एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी करणे. विंडोजमध्ये तोच प्रिंटर, त्याच पोर्टवर (म्हणजे त्याच जोडणीवर), आधी बसवलेलाच ड्रायव्हर वापरून, दुसऱ्या नावाने पुन्हा जोडता येतो. यंत्र एकच राहते, पण यादीत दोन नावे दिसतात आणि प्रत्येक नावाचे सेटिंग स्वतंत्र असते. छापणाऱ्याला सेटिंग आठवावे लागत नाही, काम कोणते आहे एवढेच निवडावे लागते. मॅकवर असेच काम प्रिंटच्या खिडकीत प्रीसेट साठवून करता येते.

कृती आणि त्यातील निर्णयाचे क्षण

प्रथम नव्या संगणकाचे प्रदेशाचे सेटिंग दुरुस्त केले. त्यामुळे आधीच बसलेल्या ड्रायव्हरमधील लेटर आपोआप बदलेल यावर विसंबून न राहता प्रिंटिंग डीफॉल्ट्समध्येही ए-४ निवडले. मग वर्गातील दोन्ही संगणकांवर प्रिंटरच्या दोन नोंदी केल्या आणि 'विद्यार्थी' या लॉगिनमधील प्रेफरन्सेस दोन्ही नोंदींसाठी स्वतः उघडून तपासले, कारण जुन्या निवडी तिथेच दडून बसतात हे आता ठाऊक झाले होते. विंडोजच्या जुन्या 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' यादीत एकाच पोर्टवरच्या दोन नोंदी एकाच चित्रामागे एकत्र दिसतात. दुसरी नोंद झालीच नाही असे वाटून मी ती जवळजवळ पुन्हा करणार होतो. प्रिंटच्या खिडकीत मात्र दोन्ही नावे वेगळी दिसतात.

नावे ठरवताना एक चूक झाली. पहिल्या नोंदीला 'टिपणे – दोन्ही बाजू' असे नाव दिले ते ठीक होते. दुसरीला मी 'नमुने – १०० टक्के' असे नाव दिले. कागदाचा आकार आणि एक बाजू या गोष्टी ती नोंद सांभाळू शकत होती. पण 'फिट' की 'अॅक्च्युअल साइझ' हे पीडीएफ वाचणारे सॉफ्टवेअर ठरवते, आणि ते पान आधीच लहान करून ड्रायव्हरकडे पाठवत असेल, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने ते १०० टक्केच असते. म्हणजे जे वचन त्या नोंदीला पाळता येत नव्हते ते मी तिच्या नावात लिहिले होते. नाव वाचून विद्यार्थी निर्धास्त झाले असते आणि चौकोन मोजला नसता. ते नाव बदलून 'नमुने – एक बाजू' असे केले.

मापाचा प्रश्न मग फाइलच्या पातळीवर सोडवला. पीडीएफमध्ये छपाईच्या वेळी पान लहानमोठे करू नये अशी खूण नोंदवता येते. पीडीएफच्या १.६ या आवृत्तीपासून ही सोय आहे. नमुने संस्थेनेच तयार केलेले असल्यामुळे मूळ फाइलच्या गुणधर्मांमध्ये 'पेज स्केलिंग' या जागी 'नन' निवडून त्या पुन्हा साठवल्या. आता वर्गातील वाचक-सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून प्रिंटची खिडकी आणली की 'अॅक्च्युअल साइझ' आधीच निवडलेले असते. प्रत्येक सॉफ्टवेअर ही खूण मानेलच असे नाही, म्हणून चौकोन काढून टाकला नाही. आणखी एक बदल केला. काही जुन्या नमुन्यांमध्ये चौकोन पाच सेंटीमीटरचा होता. चार टक्क्यांची चूक त्यात केवळ दोन मिलिमीटर दिसते आणि घाईत ती नजरेतून सुटते. सर्व फाइलमध्ये तो दहा सेंटीमीटरचा केला आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल असे ठरवले. लेसर प्रिंटरच्या उष्णतेने कागद किंचित आक्रसतो, त्यामुळे याहून कडक मर्यादा ठेवण्यात अर्थ नव्हता.

सर्वांत जास्त चर्चा ए-४ आणि लेटर एकमेकांच्या जागी चालवून घेण्याच्या, प्रिंटरच्या पॅनेलवरील त्या सेटिंगवर झाली. ते बंद केले तर चुकीच्या आकाराचे काम आल्यावर प्रिंटर पुन्हा थांबणार होता, आणि भर वर्गात तसे होणे शिक्षिकांना नको होते. माझे म्हणणे असे होते की प्रिंटर थांबला तर एक काम अडते, आणि तो थांबला नाही तर कपडा बिघडतो. सर्व संगणकांवर ए-४ झाल्यावर थांबण्याचे प्रसंग विरळाच येतील हे पटल्यावर ते सेटिंग बंद करण्यात आले.

पुढे काय घडले

दुसऱ्याच दिवशी एक टिपण एका बाजूला छापून आले. डीफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळा न निवडल्यास वापरला जाणारा, विंडोजने स्वतः ठरवण्याचा पर्याय चालू होता. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होतो. आधी नाव एकच असल्यामुळे त्याचा त्रास कधी जाणवला नव्हता, दोन नावे होताच तो जाणवू लागला. तो पर्याय बंद करून 'टिपणे – दोन्ही बाजू' ही नोंद कायमची डीफॉल्ट केली. नमुना छापणाऱ्याने दुसरे नाव जाणीवपूर्वक निवडायचे, आणि विसरल्यास पहिल्याच कागदाच्या पाठीमागे छपाई दिसून काम थांबवता येते.

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा चौकोन पुन्हा ९६ मिलिमीटर आला. विद्यार्थ्याने फाइल नेहमीच्या सॉफ्टवेअरऐवजी ब्राउझरमध्ये उघडून तिथूनच छापली होती आणि ब्राउझरच्या प्रिंटच्या खिडकीत पान कागदात बसवण्याचा पर्याय निवडलेला होता. या वेळी मात्र पहिलेच पान छापून मोजले गेले, त्यामुळे नुकसान एका कागदाचे झाले. वर्गातील दोन्ही संगणकांवर पीडीएफ फाइल ठरलेल्या सॉफ्टवेअरमध्येच उघडेल असे केले. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण सेटिंग पुन्हा एकदा निसटले, पण पडताळणी निसटली नाही.

शिक्षिकांनी वर्गात सर्वांसमोर सांगितले की आधीच्या दोन आठवड्यांतील घट्ट शर्टांचा दोष कापणाऱ्यांचा नव्हता. ज्या विद्यार्थिनीने दोन कागद शेजारी ठेवून मोजले होते, तिच्याकडेच नव्या विद्यार्थ्यांना पहिले पान कसे मोजायचे हे दाखवण्याचे काम देण्यात आले.

काय वेगळे करता आले असते

नवा संगणक सुरू केल्यावर मी विंडोजचे चाचणीचे पान छापून पाहिले होते आणि ते नीट आले म्हणून काम झाले असे मानले होते. त्या पानावरून छपाई होते एवढेच कळते. माप बरोबर आहे की नाही ते कळत नाही. नव्या संगणकावर पहिली छपाई नमुन्याच्या पहिल्या पानाची केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

दोन्ही बाजूंच्या छपाईचा बदल करताना मी एका माणसाची गरज ऐकली आणि तीन संगणकांवर बदल केला. त्या दिवशी वर्गात जाऊन इथे काय छापता एवढे विचारायला पाच मिनिटे लागली असती. तसेच, केलेल्या बदलाची नोंद मी ठेवली नव्हती. नंतर नवा संगणक वेगळा आणि जुना वेगळा का वागतो हे शोधण्यात गेलेला बराचसा वेळ केवळ मी नेमके काय आणि कुठे बदलले होते ते आठवण्यात गेला. आता प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. बदल कोणत्या ठिकाणी केला, कोणी केला आणि आधी तिथे काय होते, हे त्यावर तारखेसह लिहिले जाते. ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागला तर दोन्ही नोंदींचे सेटिंग नव्याने करावे लागेल, आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

प्रिंटरने लेटर कागद मागितला तेव्हा पॅनेलवर उपाय करण्यापूर्वी तो का मागतो आहे हे विचारायला हवे होते. पण त्या दिवशी वर्गात कोणालाही ते विचारायला कोणी उपलब्ध नव्हते, आणि समोर वीस विद्यार्थी थांबलेले होते. म्हणून मी तो दोष त्या व्यक्तीच्या माथी मारत नाही. अशा वेळी काम अडू न देता टिपणे तात्पुरती कार्यालयातून छापून घ्यावीत आणि पॅनेलला हात लावू नये, एवढे आता ठरले आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. काही विद्यार्थी फाइल घरी नेऊन स्वतःच्या प्रिंटरवर छापतात, आणि तिथला कागद, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर यांपैकी काहीच आमच्या हाती नसते. त्यांच्यासाठी फाइलच्या पहिल्या पानावर, चौकोनाच्या आतच, एक ओळ टाकली आहे: ही बाजू दहा सेंटीमीटर भरली नाही, तर पुढची तेवीस पाने छापू नयेत.